उतारवयातील सोबती : श्वान मोठा असावा की लहान?

मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी स्थिरावतात, घरात दोघेच उरतात, कधी दोघांपैकी एकच उरते आणि मग एखाद्या रविवारच्या फोनवर हा विषय निघतो. ‘‘आई, तुम्ही एखादा कुत्रा का नाही पाळत?’’ सूचना प्रेमापोटीच आलेली असते. पुढे मात्र मतभेदांना सुरुवात होते. मुलगा म्हणतो, लॅब्रॅडॉर घ्या. घराला राखणही होईल आणि बाबांचे फिरणेही. मुलगी म्हणते, छे, एवढे धूड सांभाळणार कोण? शिह त्झू किंवा पग घ्या, गुपचूप मांडीवर बसून राहील. ज्यांच्या मांडीवर तो बसणार किंवा ज्यांच्या हातात त्याची साखळी राहणार, त्यांचे मत बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते.

श्वान आपल्याला परका नाही. दत्तगुरूंच्या पायाशी तो आहे, खंडोबाच्या सोबत आहे आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर एकेक आप्त गळून पडल्यावर युधिष्ठिराच्या मागे शेवटपर्यंत चालत राहिला तोही श्वानच. परंतु आपल्या वाडवडिलांचा कुत्रा अंगणात, मळ्यात किंवा वाड्याच्या देवडीवर राहत असे. त्याला भाकरीचा तुकडा टाकला, की दिवसभराची जबाबदारी संपत असे. आजचा श्वान सहाशे चौरस फुटांच्या सदनिकेत, आपल्या पलंगाशेजारी राहतो. तो स्वयंपाकघरात पायात घोटाळतो, उद्वाहनातून खाली उतरतो आणि पशुवैद्याकडे रिक्षाने जातो. म्हणूनच त्याच्या आकाराचा प्रश्न हा आता हौसेचा राहिलेला नाही. ज्येष्ठांच्या घरात तो आरोग्याचा प्रश्न झाला आहे.

सोबतीचे मोल

प्रथम जमेची बाजू पाहू. श्वान पाळणाऱ्या व्यक्तीच्या दिवसाला एक बांधणी येते. ठरावीक वेळी उठणे, ठरावीक वेळी बाहेर पडणे, कोणाला तरी खाऊ घालणे आणि वाटेत चार माणसांशी बोलणे या गोष्टी आपोआप घडतात. निवृत्तीनंतर किंवा सहचराच्या निधनानंतर नेमकी हीच बांधणी ढासळलेली असते.

स्वीडनमध्ये ४० ते ८० वर्षे वयाच्या ३४ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा सुमारे १२ वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्या लोकांपैकी ज्यांच्याकडे श्वान होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका श्वान नसलेल्या एकट्या लोकांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा मोहक आहे. पण तो जपून वाचावा. श्वानामुळे माणसे निरोगी राहिली, की मुळात निरोगी व चालती-फिरती माणसेच श्वान पाळतात, याचा निर्णायक उलगडा अशा अभ्यासातून होत नाही. तरीही एकटेपणाच्या घरात ही सोबत निरर्थक नाही, एवढे म्हणण्यास आधार आहे.

मात्र हा लाभ श्वान आपल्या शक्तीच्या आवाक्यातला असेल तरच मिळतो. आवाक्याबाहेरचा श्वान फिरायला नेला जात नाही. मग तो घरात बेचैन होतो, भुंकतो, वस्तू कुरतडतो आणि ज्यांच्या एकटेपणावर तो उपाय म्हणून आणला होता, त्यांच्याच मनावरचे ओझे होऊन बसतो.

वजनाचा हिशेब

‘मोठा’ आणि ‘लहान’ हे शब्द फसवे आहेत. त्याऐवजी किलो पाहावेत. पूर्ण वाढलेला नर लॅब्रॅडॉर साधारण २९ ते ३६ किलोंचा असतो, मादी २५ ते ३२ किलोंची. जर्मन शेफर्ड, म्हणजे आपल्या पिढीचा ‘अल्सेशियन’, नर असल्यास ३० ते ४० किलोंपर्यंत जातो. बीगल १० किलोंच्या आसपास, पग ६ ते ८ किलो, तर शिह त्झू ४ ते ७ किलो. पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे ज्याला ओळखतात, तो पांढरा शुभ्र श्वान पुष्कळदा प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतो आणि तो खऱ्या पॉमेरेनियनपेक्षा मोठा भरतो.

या आकड्यांचा अर्थ समजून घेण्यासाठी एक घरगुती माप उपयोगी पडेल. स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे ३० किलोंचा असतो, त्यात १४.२ किलो गॅस आणि उरलेले वजन टाकीचे. म्हणजे लॅब्रॅडॉर पाळणे म्हणजे चार पाय असलेला, स्वतःच्या इच्छेने पळणारा एक भरलेला सिलिंडर सांभाळणे होय. तो निरोगी आहे तोवर त्याला उचलण्याची वेळ येत नाही. पण तो म्हातारा झाला, त्याच्या खुब्याचे सांधे दुखू लागले, पायरी चढवेना झाली, की त्याला उचलावेच लागते. मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्यांचे विकार अधिक आढळतात. तिसऱ्या मजल्यावरचे घर, उद्वाहन बंद आणि हा सिलिंडर जिन्यात बसून राहिलेला, हे चित्र श्वान घरी आणण्यापूर्वीच डोळ्यांसमोर आणावे. तेव्हा आपले स्वतःचे वय काय असेल, हेही मोजावे.

खर्चही वजनाच्या मागे चालतो. जंतांचे औषध, गोचिडांचे औषध, शस्त्रक्रियेच्या वेळची भूल, या सर्वांची मात्रा वजनावर ठरते. आहाराचा हिशेब मात्र थोडा निराळा आहे. शरीर मोठे, तसा दर किलोमागे लागणारा आहार कमी. त्यामुळे ३० किलोंचा श्वान ६ किलोंच्या श्वानाच्या पाचपट खात नाही, साधारण सव्वातीनपट खातो. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात हा फरकही लहान नाही.

पडण्याचा धोका : रस्त्यावर आणि घरात

ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न चावण्याचा नाही, तो पडण्याचा आहे. हाडे ठिसूळ झालेली असताना एकदा खुब्याचे हाड मोडले, की पुष्कळांचे स्वतंत्र आयुष्य तिथेच थबकते. शस्त्रक्रिया, महिनोन्महिन्यांची विश्रांती आणि पुन्हा पडण्याची भीती हे सारे त्यामागून येते.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींना श्वानाला पट्टा लावून फिरवताना झालेल्या अस्थिभंगांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या अशा अस्थिभंगांची अंदाजित संख्या २००४ मध्ये सुमारे १,६७० होती, ती २०१७ मध्ये ४,४०० च्या घरात गेली. या रुग्णांपैकी जवळजवळ चार पंचमांश स्त्रिया होत्या. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे अधिक वेगाने झिजतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे आश्चर्य वाटत नाही.

यावरून ‘मग लहान श्वानच बरा’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्याआधी आणखी एक पाहणी विचारात घ्यावी. त्याच देशात २००१ ते २००६ या काळातील नोंदींवरून असे दिसले होते, की कुत्र्या-मांजरांमुळे दरवर्षी सुमारे ८६,६०० लोक पडून जखमी होतात आणि त्यांतील बहुतांश घटना कुत्र्यांमुळे घडतात. विशेष म्हणजे कुत्र्याने ओढल्या-ढकलल्याने पडणाऱ्यांपेक्षा कुत्र्याला अडखळून पडणारे अधिक होते.

याचा व्यावहारिक अर्थ असा : मोठा श्वान माणसाला मुख्यतः रस्त्यावर पाडतो, लहान श्वान घरात. मोठ्याला समोर मांजर दिसते, तो झेपावतो आणि पट्टा धरलेला हात खांद्यातून हिसकला जातो. लहान श्वान ओढून पाडण्याइतका बलवान नसतो. पण रात्री दोन वाजता लघवीला उठलेल्या व्यक्तीच्या पायांत तो नकळत येतो. मोतीबिंदू असलेल्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या किंवा पार्किन्सनमुळे पाय घासत टाकणाऱ्या व्यक्तीला काळ्या फरशीवरचा काळा पग दिसतच नाही. म्हणून ‘कोणता श्वान सुरक्षित?’ असे न विचारता ‘आमच्या घरातील व्यक्ती कोठे पडण्याचा संभव अधिक आहे?’ असे विचारावे. उत्तर तिथून सुरू होते.

दोन्ही धोके कमी करण्याचे उपाय साधे आहेत. पट्टा मनगटाला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नये. प्रसंगी तो हातातून सुटला तरी चालेल, हात मोडता कामा नये. लांब-आखूड होणारा गुंडाळीचा पट्टा ज्येष्ठांनी टाळावा. गळपट्ट्याऐवजी छातीशी पुढच्या बाजूस पट्टा अडकवता येणारा हार्नेस वापरल्यास श्वानाची ओढ बरीच कमी होते. ज्यांच्या एका हातात काठी आहे, त्यांनी दुसऱ्या हातात मोठ्या श्वानाचा पट्टा धरू नये. तोल सावरण्यासाठी एक हात मोकळा लागतो. घरात लहान श्वानाच्या गळ्यात बारीक घुंगरू बांधावे, पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत मंद दिवा रात्रभर तेवता ठेवावा आणि श्वानाचे अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर एका कोपऱ्यात ठरवून द्यावे.

स्वभाव, ऊन आणि आजार

आकारावरून स्वभाव ओळखता येत नाही. लहान म्हणजे शांत, हा सर्वांत मोठा गैरसमज. स्पिट्झ व पॉमेरेनियन दारावरच्या प्रत्येक चाहुलीला भुंकतात. एकट्या राहणाऱ्या आजींना ती राखण वाटेल. शेजारच्या घरातील रुग्णाला तो छळ वाटेल. याउलट प्रौढ झालेला लॅब्रॅडॉर दिवसाचा बराच काळ पंख्याखाली पसरून असतो. पण हे शहाणपण त्याला दोन-तीन वर्षांचा झाल्यावर येते. तोवर तो ३० किलोंचे लहान मूलच असतो.

पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींचा आपल्या हवामानाशी मेळ बसत नाही. श्वान घामाने नव्हे, मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. नाकाचा मार्गच आखूड व अरुंद असेल, तर ही क्रिया अपुरी पडते. विदर्भ-खानदेशातील उन्हाळ्यात अशा श्वानाला उष्माघात होण्यास दुपारचा थोडा वेळही पुरतो. हस्कीसारखे बर्फाळ प्रदेशातील दाट केसांचे श्वान तर आपल्याकडे आणूच नयेत. श्वान कोणताही असो, उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी व मावळल्यानंतरच फिरवावा. रस्त्यावर आपला तळहात पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचेही पाय भाजतात.

लहान जातींना दातांचे व हिरड्यांचे विकार लवकर होतात, गुडघ्याची वाटी सरकते आणि उतारवयात हृदयाच्या झडपेचा आजार जडतो. लांब पाठीच्या डॅशहंडला मणक्याचा त्रास होतो. त्याला जिने व पलंगावरून उड्या वर्ज्य. शिह त्झूचे केस रोज विंचरावे लागतात. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत, त्यांना हे काम जड जाते. केस आखूड कापून घेण्याचा मार्ग आहे, पण त्याचा खर्च नियमित असतो. लॅब्रॅडॉरला विंचरण्याचे काम कमी, मात्र त्याचे केस बारमाही गळतात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर याचा विचार आधीच व्हावा.

ज्येष्ठांच्या घरात एक धोका हमखास दुर्लक्षित राहतो, तो औषधांचा. थरथरत्या हातातून पडलेली गोळी पलंगाखाली जाते आणि श्वान ती चाटतो. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या श्वानाला घातक ठरू शकतात. जितके शरीर लहान, तितकी तीच एक गोळी अधिक विषारी. म्हणून लहान श्वान असलेल्या घरात गोळ्या ताटलीत किंवा वाटीत काढून, टेबलाशी बसूनच घ्याव्यात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही त्याला देऊ नये. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके नातवंडे प्रेमाने भरवतात, तेव्हा हे ध्यानात असावे.

आयुष्याचे गणित

निसर्गाचा येथे एक विचित्र न्याय आहे. प्राणिसृष्टीत सामान्यतः मोठे प्राणी अधिक जगतात. श्वानांत मात्र उलट घडते. ग्रेट डेनसारखा महाकाय श्वान साधारण ८ ते १० वर्षे जगतो, लॅब्रॅडॉर १० ते १२, तर लहान जातींचे अनेक श्वान १२ ते १६ वर्षे.

आता हे गणित आपल्या वयाशी मांडून पाहा. ७२ व्या वर्षी दोन महिन्यांचे स्पिट्झचे पिल्लू आणले, तर त्याच्या अखेरीस आपण ८५ च्या पुढे असू. तोवर त्याला फिरवणे, आंघोळ घालणे आणि पशुवैद्याकडे नेणे जमेल का? आपण आधी गेलो, तर तो कोणाकडे जाईल? हा विचार अशुभ नाही, तो जबाबदारीचा आहे. धनी गेल्यावर ‘आमच्याकडे जागा नाही’ म्हणून आश्रयगृहात किंवा रस्त्यावर सोडलेले वृद्ध श्वान प्रत्येक शहरात दिसतात. दहा वर्षे मऊ अंथरुणावर झोपलेल्या प्राण्याला रस्ता ठाऊक नसतो.

म्हणून श्वान आणण्याच्या दिवशीच एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. आपण रुग्णालयात दाखल झालो तर श्वानाकडे कोण पाहील? सहा महिने परदेशी नातवंडांकडे गेलो तर तो कोठे राहील? आणि आपल्या पश्चात त्याला कोण नेईल? ज्यांची नावे लिहायची, त्यांचा होकार आधी घ्यावा. येथे लहान श्वानाची बाजू निश्चितच वरचढ ठरते. सहा किलोंच्या श्वानाला शेजारी, भाची, बहीण कोणीही ठेवून घेते. पस्तीस किलोंच्या श्वानासाठी तेवढी दारे उघडत नाहीत.

आकारापेक्षा वय महत्त्वाचे

पिल्लू की प्रौढ, हा खरे तर आकाराच्याही आधीचा प्रश्न आहे. पिल्लू गोजिरवाणे असते. पण पहिले काही महिने ते रात्री दोनदा-तीनदा उठवते, फरशीवर लघवी करते, आणि त्या ओल्या फरशीवरूनच माणूस घसरतो. ते चपला कुरतडते, साडीचा पदर ओढते, आणि त्याचे सुईसारखे दात वृद्धांच्या पातळ त्वचेवर लगेच रक्त काढतात. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना असा ओरखडाही त्रासदायक ठरतो.

याउलट चार-सहा वर्षांचा श्वान जसा दिसतो तसाच असतो. त्याचे वजन ठरलेले, स्वभाव कळलेला, बाहेर जाऊन विधी उरकण्याची सवय लागलेली. त्याच्या आयुष्याचा उरलेला काळही आपल्या उरलेल्या शक्तीशी अधिक जुळतो. प्राणिमित्र संस्थांकडे असे अनेक श्वान घराच्या प्रतीक्षेत असतात. त्यांत परदेशी जातींचे सोडून दिलेलेही असतात आणि आपले देशी कुत्रेही. देशी कुत्रा बहुधा मध्यम बांध्याचा, १५ ते २५ किलोंच्या दरम्यानचा, आखूड केसांचा, आपल्या उन्हाला सरावलेला आणि काटक असतो. त्याच्यापुढे ‘मोठा की लहान’ हा वाद पुष्कळदा आपोआप मिटतो.

देशी म्हणजे सरसकट योग्य, असेही नव्हे. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने जोपासलेला मुधोळ हाउंड हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढले. परंतु तो शिकारी श्वान आहे. पळते सावज दिसताच क्षणार्धात झेप घेणे त्याच्या रक्तात आहे. त्याला मोकळे रान आणि तरुण पाय हवेत. सत्तरीतल्या धन्याच्या हाती त्याचा पट्टा देणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

लसी, स्वच्छता आणि शेजार

श्वानाच्या लसींत कसूर नको. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात, पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते. पावसाळ्यात कोकण व मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. त्यावरची लसही श्वानाला देता येते. साचलेल्या पाण्यातून फिरवून आणल्यावर त्याचे व आपलेही पाय धुवावेत. मधुमेहींनी पायावरची जखम श्वानाला चाटू देऊ नये. दात किंवा नख लागून ओरखडा उठल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. कर्करोगावरील उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्यांनी श्वान आणण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

सोसायटीत ‘लहान चालेल, मोठा नको’ असा ठराव केला जातो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार श्वान मोठा आहे एवढ्याच कारणावरून त्याला मज्जाव करता येत नाही, उद्वाहनाचा वापरही नाकारता येत नाही. मात्र हक्कासोबत कर्तव्येही येतात. महापालिकेचा परवाना काढावा, लसीकरणाचा दाखला जवळ ठेवावा आणि रस्त्यावरची घाण स्वतः उचलावी. वाकून घाण उचलणे ज्यांना अशक्य आहे, त्यांच्यासाठी लांब दांड्याचे साधन मिळते.

एका पत्राचे उत्तर

सांगलीच्या एका वाचकभगिनीने लिहिले आहे : सासरे ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा. तरुणपणी त्यांच्याकडे अल्सेशियन होता. आता पुन्हा तसाच हवा म्हणतात. सासूबाईंना पक्षाघात होऊन गेला आहे, त्या वॉकर घेऊन चालतात. पती दिवसभर बाहेर. ‘‘सासऱ्यांचे मन मोडवत नाही, पण आधीच एका व्यक्तीची शुश्रूषा चालू असताना हे दुसरे मूल माझ्याच पदरात पडणार, हे कोणी बोलून दाखवत नाही.’’

ताई, ते बोलून दाखवण्याचा अधिकार आपल्याला आहे. ज्या घरात शुश्रूषा चालू आहे, तेथे शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या होकाराशिवाय श्वान येऊ नये. हा नियम वैद्यकीय सल्ल्याइतकाच महत्त्वाचा मानावा. जर्मन शेफर्डचे पिल्लू आपल्या घरासाठी योग्य नाही. वर्षभरात ते सासऱ्यांच्या गुडघ्यांना पेलणार नाही आणि वॉकरभोवती त्याचा उत्साह सासूबाईंना घातक ठरेल. पायांत घोटाळणारे अगदी छोटे पिल्लूही नको. पण सासऱ्यांची इच्छा उडवून लावू नका. तिच्यामागे गेलेल्या दिवसांची ओढ आहे, शिवाय पत्नीच्या आजारपणात कोमेजलेल्या घरात काहीतरी जिवंत हवे, ही भूकही आहे.

त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून दोन अटी ठरवाव्यात. पहिली अट अशी, की सकाळ-संध्याकाळचे फिरवणे सासरे व पती यांच्यात वाटले जाईल आणि गुडघे दुखतील त्या दिवशीही ते आपल्याकडे येणार नाही. दुसरी अट अशी, की श्वान पाच-सहा वर्षांचा, १२ ते १८ किलोंच्या आसपासचा, वॉकरच्या आवाजाला न बिचकणारा, एका जागी शांत बसणारा असेल. एखाद्या प्राणिमित्र संस्थेच्या संमतीने असा श्वान प्रथम पंधरा दिवसांसाठी घरी आणावा. पंधरा दिवसांत तो सासूबाईंच्या वाटेत किती वेळा येतो, सासरे त्याला किती दिवस खरोखर फिरवतात आणि आपली झोप किती मोडते, याची नोंद ठेवावी. निर्णय त्या नोंदीवरून घ्यावा, तोही तिघांनी मिळून. नाही जमले, तर श्वान परत देण्यात कमीपणा नाही. तेव्हा सासऱ्यांना एखाद्या संस्थेत आठवड्यातून दोनदा जाऊन तेथील श्वानांसोबत तासभर घालवता येईल. ओढ तीही भागवते.

थोडक्यात

ज्येष्ठ व्यक्ती स्वतः भक्कम चालते, घरात एक तरुण हात कायम आहे, तळमजला किंवा भरवशाचे उद्वाहन आहे, तर प्रौढ, शिकवलेला मोठा श्वान उत्तम सोबत देईल. ज्येष्ठ एकटे राहतात, दृष्टी व तोल ठीक आहे, पण ताकद कमी आहे, तर शांत स्वभावाचा लहान श्वान योग्य. दृष्टी अधू आहे किंवा वॉकर वापरात आहे, तर जागेवर बसून राहणारा मध्यम आकाराचा प्रौढ श्वान, तोही दुसऱ्या कोणाच्या जबाबदारीवर. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या एकट्याच्या भरवशावर मात्र कोणताही श्वान ठेवू नये. खाऊ घातले की नाही, हे त्यांना आठवणार नाही आणि मुका जीव ते सांगू शकणार नाही.

मुलांना एक विनंती. आई-वडिलांच्या वाढदिवशी टोपलीत बसवलेले पिल्लू अचानक आणून देऊ नका. त्याऐवजी त्यांना सोबत घेऊन चार ठिकाणी जा, श्वानांजवळ बसू द्या, पट्टा हातात धरून वीस पावले चालू द्या. कोणता श्वान त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालतो, ते त्यांना आणि तुम्हालाही तेथेच कळेल.